मखराची पाठ

दत्तूकाका कोणाच्याही घरी गेले की सरळ आत शिरत नसत. उंबरठ्यावर थांबायचे, मान जराशी वाकडी करायचे आणि डावा डोळा मिटायचे. उजव्या डोळ्याने सगळी खोली निरखून झाली की म्हणायचे, "ते कॅलेंडर जरा डावीकडं घ्या." घरातलं कोणीतरी उठून कॅलेंडर सरकवायचं. "अजून थोडं. हां, बस." मग चपला काढून आत यायचे. चाळीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला पहिले काही दिवस वाटायचं की या गृहस्थांच्या डोळ्याला काहीतरी झालंय. कोणीतरी त्यांना गुलाबपाण्याची बाटलीसुद्धा आणून दिली होती.

हे कुठे करावं आणि कुठे करू नये, असा भेद त्यांच्याजवळ नव्हता. वरच्या मजल्यावरचे साळवी गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. खोलीत माणसं खाली मान घालून बसलेली. दत्तूकाका दारात थांबले आणि त्यांनी डावा डोळा मिटला. साळवीकाकूंना वाटलं, हे रडू आवरतायत, म्हणून त्यांना आणखीच रडू आलं. काका म्हणाले, "वहिनी, हार उजवीकडं उतरलाय." त्यांच्या मुलाने उठून फोटोवरचा हार सारखा केला. "आता बघा. आता साळवी आपल्याकडं बघतायत." सगळ्यांनी माना वर केल्या. खरंच बघत होते. साळवीकाकू रडायच्या थांबल्या आणि त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

या हुकमांना चाळीत एकच व्यक्ती दाद देत नसे, ती म्हणजे त्यांची बायको, सुमनकाकू. काकांनी "जरा डावीकडं घे" म्हटलं की त्या उठायच्या, त्या वस्तूला नुसता हात लावायच्या आणि परत येऊन बसायच्या. वस्तू होती तिथेच. काका एका डोळ्याने बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आत्ता कसं." असा संसार चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालला. काकूंनी हे गुपित मला फार पूर्वी त्यांच्या मालवणीत सांगितलं होतं. "हलवूक कशाक होया? हात लावलो की झाला तेंचा समाधान."

काकांचं पूर्ण नाव दत्ताराम परब. लालबागला आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. ऐन उमेदीत गिरणी बंद पडली, मग ते एका छापखान्यात कागद कापायच्या मशिनवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण हे सगळं पोटापुरतं. त्यांची खरी नोकरी गणपतीची. श्रावण लागला की त्यांच्या दारात रांग लागायची. कोणाला कमळाचं मखर हवं, कोणाला मोराचं, कोणाला गावच्या देवळासारखं. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, मैद्याची खळ आणि रंगीत कागद एवढ्या भांडवलावर ते अख्ख्या चाळीला मखरं करून द्यायचे. फुलं तर अशी करायचे की एकदा साळवीकाकूंनी कागदाच्या जास्वंदीवर पाणी शिंपडलं आणि सगळ्या रंगाचा ओघळ गणपतीच्या पाटापर्यंत आला.

चाळीतली खोली ती केवढी. गणपती समोरच्या भिंतीला टेकून बसणार, आणि आल्यागेल्याने दारातूनच हात जोडायचे. त्यामुळे काकांची सगळी कला दारासाठी. कुठलंही काम झालं की ते बघणाऱ्याला दंडाला धरून उंबरठ्यावर नेऊन उभं करत. "जवळून काय बघतोस? दारातून बघ." मखराच्या मागच्या बाजूला मात्र काय वाट्टेल ते असे. जुनी वर्तमानपत्रं, टूथपेस्टची खोकी, साड्यांच्या दुकानाचे पुठ्ठे. एकदा आमच्या मखराच्या पाठीला माझा गणिताचा पेपर निघाला, नापास झालेला. मी तो लपवायला काकांकडेच दिला होता, त्यांनी तो असा कारणी लावला. मागे डोकवायला मुलांना सक्त मनाई. गणपतीची पाठ बघू नये, दारिद्र्य येतं, हे तर आमच्याकडे सगळेच मानतात. काकांनी तो नियम मखरालाही लावून टाकला होता. "पाठ भिंतीसाठी असते," ते म्हणायचे. "भिंत काय बोलत नाही."

पुढे बाजारात घडीची मखरं आली. माळ्यावरून काढायची, उघडायची, झालं. एकेक घर तिकडे वळलं. कोणी काकांना तोंडावर नाही म्हटलं नाही, फक्त श्रावणात त्यांच्या दाराशी कोणी थांबेनासं झालं. आमचं आणि त्यांचं स्वतःचं, अशी दोन मखरं उरली. दर गणपतीत काका घराघरांत जायचे, उंबरठ्यावर उभे राहायचे आणि डोळा न मिटताच आत यायचे. मला ते फार लागायचं.

अशात माझं लग्न ठरलं. निनाद माटुंग्याचा, आणि त्याच्या घरी सगळ्या गोष्टींचा शेवटचा शब्द त्याच्या शरयूमावशीचा. बारीक चणीची बाई, पण तिची नजर पडली की आपलं कुंकू वाकडं तर नाही ना, असं वाटायचं. रिसेप्शनचं बोलायला सगळे आमच्याकडे आले तेव्हा तिने पर्समधून मोबाइल काढला आणि एक फोटो आईच्या नाकाशी धरला. "प्रत्येक टेबलावर मधोमध असं सेंटरपीस हवं. कागदाच्या फुलांचं, हातानं केलेलं. हल्ली हेच चालतं. तुम्हाला कुठे कोण मिळणार म्हणा, आमच्या डेकोरेटरला विचारते मी."

"आमच्याकडे आहेत की," मी म्हणाले. "शेजारीच राहतात. दत्ताराम परब."

आई माझ्याकडे बघत राहिली. मावशीने चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बरं. बघू तर."

मी लगेच काकांकडे गेले. त्यांनी माझा मोबाइल हात लांब करून धरला, डावा डोळा मिटला आणि विचारलं, "हे फूल कसलं?"

"पिओनी."

"कुठं उगवतं?"

"परदेशात."

"कोबी फुटल्यासारखं दिसतंय," काका म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्या फुलाचं नाव चाळीपुरतं कोबी झालं. मग त्यांनी मोबाइल परत दिला. "सासरच्या माणसांसमोर माझं नाव घेतलंस?"

"पूर्ण नाव घेतलं."

"मग झालं. वाईट झालं तर मला कोण काय बोलणार, मी म्हातारा माणूस. तुला मात्र जन्मभर ऐकायला लागेल, मेघू." आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "सुमन, चमचे काढ."

चमचे अशासाठी, की पाकळीला खोलगटपणा हवा. क्रेप कागदाची पाकळी चमच्याच्या पाठीवर ठेवून अंगठ्यांनी हलकेच ताणली की ती वाटीसारखी होते. कोबीला अशा पाकळ्या ढीगभर लागतात. परबांच्या घरचे सगळे चमचे गेले, मग आमचे गेले, मग साळवींचे. तेवढे दिवस आमच्या मजल्यावर पोहे हातानेच खाल्ले गेले. माझे बाबा कागदाच्या पट्ट्या कापायला बसायचे, आई खळ शिजवायची. संध्याकाळी गॅलरीतून जाणारा माणूस विचारायचा, "आज किती कोबी झाले?" खालच्या मजल्यावरच्या एका आजीबाईंनी दोन दिवस वाट बघून शेवटी विचारलं की लग्नात भाजी एवढी एकच आहे का.

काका मात्र इतके आनंदात होते की त्यांना ओरडायचंही भान राहिलं नव्हतं. सकाळी दाढी करून, स्वच्छ बनियन घालून कामाला बसायचे. एकेक सेंटरपीस पुरं झालं की ते पत्र्याच्या ट्रंकेवर, भिंतीला लावून ठेवायचे आणि उंबरठ्यावर जाऊन डावा डोळा मिटायचे. "सुमन, ते गुलाबाचं पान डावीकडं घे." काकू हात लावायच्या. "आत्ता कसं." मग आम्ही सगळे पाळीपाळीने उंबरठ्यावर जाऊन बघायचो. अप्रतिम होतं. तीन कोबी, दोन गुलाब, खाली हिरवी पानं, एक कळी मुद्दाम जरा बाहेर झुकलेली. आमच्यापैकी एकाच्याही मनात दुसरी कसली शंका आली नाही.

लग्न दादरच्या एका हॉलमध्ये. सकाळी मुहूर्त झाला, दुपारी पंगती उठल्या आणि संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी टेबलं मांडली गेली. पांढऱ्या चादरी घातलेली चौकोनी टेबलं, भोवती खुर्च्या. काकांनी बाबांना घेऊन प्रत्येक टेबलाच्या बरोबर मधोमध एकेक सेंटरपीस ठेवलं, मुख्य दारात आले आणि त्यांनी डोळा मिटला. बराच वेळ मिटलेलाच होता. मग मला हाक मारली. "मेघू, दारातून बघ."

मी पैठणी सावरत दारात आले. सबंध हॉल फुलला होता. एकूण एक फूल आमच्याकडे तोंड करून होतं. अख्खा लालबाग त्या दारात गोळा झाला, आणि मला काकांचा इतका अभिमान वाटला की मी पैठणीसकट खाली वाकून त्यांना नमस्कार केला.

तेवढ्यात शरयूमावशी आली. ती आमच्या दारातून आली नाही. ती स्टेजमागच्या खोलीत साडी बदलायला गेली होती, ती स्टेजच्या बाजूच्या दारातून आली, आणि तिला सगळ्या सेंटरपीसच्या पाठी एकदम दिसल्या.

"अगंबाई," ती म्हणाली, "ही रद्दी कोणी ठेवली?"

आम्ही काही बोलायच्या आत ती पहिल्या टेबलाशी पोचली, तिने चष्मा नीट बसवला आणि मोठ्याने वाचलं, "मूळव्याध, भगंदर. विना ऑपरेशन, खात्रीशीर उपचार." तिच्यामागून आलेले निनादचे काका शेजारच्या टेबलावर वाकले होते. ते म्हणाले, "इथे राशिभविष्य आहे. कन्या, प्रवास टाळा. आणि मी आज ठाण्याहून आलो." ते पुढच्या टेबलावर बायकोची रास शोधायला निघाले.

दारातले आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कोणी कोणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. जन्मभर उंबरठ्यावरून बघत आलेली माणसं आम्ही. टेबलाच्या पलीकडेही माणूस बसतो, हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं.

काका हळूहळू चालत टेबलांच्या पलीकडे गेले. स्वतःच्या कामाच्या मागे जाऊन उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल. त्यांनी बघितलं, दोन्ही डोळ्यांनी बघितलं, आणि तिथल्याच एका खुर्चीवर बसले.

"टेबलाला भिंत नसते," ते म्हणाले. "एवढं वय झालं, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. टेबलाला भिंत नसते."

मावशी वाईट नव्हती. तिने आवाज खाली आणला. "आमच्या डेकोरेटरला फोन करू का? अजून वेळ आहे. तो खरी फुलं आणून देईल."

"करा," काका म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "काढा हे सगळं."

मावशी काय बोलेल, सासू काय म्हणेल, याचं मला त्या घटकेला काहीच वाटलं नाही. हा माणूस पुन्हा कधी कागदाला हात लावणार नाही, एवढंच मला दिसत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण रडूच यायला लागलं, आणि नवरीने रडायची वेळ अजून व्हायची होती.

सुमनकाकू इतका वेळ भिंतीकडेला बसून विडा लावत होत्या. त्यांनी विडा तोंडात टाकला, उठल्या, एका टेबलावरचं सेंटरपीस उचललं, दुसऱ्यावरचं उचललं आणि दोन्ही पाठीला पाठ लावून धरली. "ह्या बघा. खय गेली पाठ?"

खरंच पाठ गेली होती. चारी बाजूंनी नुसती फुलं.

"अर्ध्याच टेबलांना पुरतील," काका म्हणाले.

"मगे टेबला जोडा," काकू म्हणाल्या. "लग्नाक इली आसत ना माणसा? मगे बसतीत एकत्र."

पहिलं टेबल निनादने ओढलं, शेरवानीत. मग बाबांनी, मग मूळव्याधीच्या जाहिरातीचा कपटा खिशात घालून निनादच्या काकांनी. दोन-दोन टेबलं जोडली गेली, सांध्यावर पाठीला पाठ लावलेली सेंटरपीस. मधली फट बुजवायला काकूंनी आपल्या पिशवीतून उरलेले सुटे कोबी काढले. ते त्यांनी कशासाठी आणले होते, हे मी कधी विचारलं नाही. जोडीला बांधायची तार गुंडाळायला मात्र कोणाला धड जमेना, आणि दुसऱ्याने चुकीचं केलेलं शरयूमावशीला बघवत नाही. "द्या इकडे," म्हणून तिने पदर खोचला आणि हॉलमधल्या सगळ्या तारा तिने एकटीने गुंडाळल्या. काका शेजारी उभे राहून हळूच सांगायचे, "ताई, जरा डावीकडं," आणि मावशी खरंच डावीकडे घ्यायची.

टेबलं जोडली गेल्यामुळे माटुंगा एकीकडे आणि लालबाग एकीकडे, ही जी छान आखणी दोन्ही घरांनी न बोलता केली होती, ती मोडली. मावशीच्या समोर साळवीकाकू आल्या. सुरुवातीला दोघी फुलांकडे बघत जेवल्या. आइस्क्रीम येईपर्यंत गुडघेदुखीवर दोघींचं एकमत झालं होतं. जाताना पाहुण्यांनी फुलं मागून मागून नेली. मावशीने तर एक अख्खी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली, आणि मला म्हणाली, "तुझे परब हुशार आहेत हो."

मी धावत जाऊन काकांना हे सांगितलं. ते पायात चपला सरकवत होते. "तसं असेल," ते म्हणाले. "पण त्या बाईंनी पाठ बघितली."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की घरात त्याची थट्टा व्हायला लागली. कोणी लग्नाचा अल्बम काढून फुलांचं कौतुक केलं, की काका शांतपणे म्हणणार, "पण त्या बाईंनी पाठ बघितली." त्यांची उंबरठ्यावरची सवयही बदलली. डोळा मिटून बघायचे, कॅलेंडर सरकवायला लावायचे, आणि मग आत येऊन प्रत्येक गोष्टीच्या मागे जायचे. टीव्हीच्या मागे, कपाटाच्या मागे. माटुंग्याला आमच्या घरी आले तेव्हा शोकेसच्या मागून त्यांनी सासऱ्यांची हरवलेली चावी काढली आणि वर जळमटांचा एक गोळाही काढून सासूबाईंच्या हातात दिला. तेव्हापासून काका येणार म्हटलं की सासूबाई सकाळी आधी फ्रिजची पाठ पुसायच्या. मावशी त्यांना तिथे एकदा भेटली. तिने आपण होऊन सांगितलं की ती फुलं अजून तिच्या दिवाणखान्यात मधोमध आहेत. काकांनी हात जोडले. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "बाई चांगली आहे, मेघू." थोडं चालून झाल्यावर पुढचं वाक्य म्हणाले, ते मी सांगायला नको.

गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला. चार पायऱ्या चढले की थांबायचे. तरी श्रावणात घरच्या गणपतीचं मखर करायला बसले. या वेळी मदतीला कोणी नको म्हणाले. चमचे घेतले, कागद घेतला, दुपारी दार लोटून घ्यायचे. काकूंनासुद्धा गॅलरीत बसवायचे. "एवढ्याश्या मखराक इतके दिवस?" काकू कुरकुरायच्या. गणपती आले तेव्हा मी दर्शनाला गेले. काका दाराजवळ खुर्चीत बसले होते. मला नेहमीसारखं दंडाला धरायला त्यांना उठता आलं नाही, तेव्हा मीच उंबरठ्यावर थांबले. मखर सुंदर होतं, पण नेहमीचंच होतं, साधी कमान आणि जास्वंदी. मला जरा आश्चर्य वाटलं, तरी "छान आहे, काका," म्हटलं. ते नुसते हसले.

गणपती गेले आणि पाठोपाठ काका इस्पितळात गेले. तिथून घरी आले नाहीत. ते गेले हे मला नीट खरं वाटायला फार वेळ लागला. कारण आमच्या घरचं कॅलेंडर वाकडं झालं की मी अजून दाराकडे बघते.

दिवस-कार्य आटोपल्यावर काकूंनी मला बोलावलं. मखर तसंच उभं होतं, ते काढायला कोणाला झालंच नव्हतं. "हलवक मदत कर गो," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी ते दोन्ही बाजूंनी धरलं आणि भिंतीपासून पुढे ओढलं. काकूंचा हात मागे लागला आणि त्या थांबल्या. मग त्यांनी वाकून बघितलं, आणि मीही बघितलं.

वर्तमानपत्र नव्हतं. खोकी नव्हती. मखराची पाठ खालपासून वरपर्यंत फुलांनी भरलेली होती. गुलाब, शेवंती, चाफा, आणि मधोमध कोबी. दर्शनी बाजूला एकही कोबी नव्हता, ते सगळे इकडे होते. एकेक पाकळी चमच्यावर ताणलेली, पानांना शिरासुद्धा काढलेल्या.

काकूंनी एका कोबीच्या पाकळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "भिंतीक दाखवूक केल्यान. म्हणान माका जवळ येवक दिल्यान नाय." आणि तिथेच पलंगाच्या कडेवर बसून पदराने डोळे पुसायला लागल्या.

मला वाटलं, मखर काढायचं राहू दे. पण काकू उठल्या. "फिरव ता," म्हणाल्या. आम्ही मखर फिरवलं, पाठ दाराकडे केली आणि पुन्हा भिंतीला लावलं. काकू त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. मी उंबरठ्यावर गेले, मान वाकडी केली आणि डावा डोळा मिटला. उजव्याने सगळं पुसट दिसत होतं, तरी बघत राहिले.

"सरळ आसा?" काकूंनी विचारलं.

"जरा डावीकडं घ्या," मी म्हणाले.

काकूंनी दोन्ही हातांनी मखर धरलं आणि खरोखरच डावीकडे सरकवलं.